आधी मागचा दिवा: दुधाच्या सायकलीवर बसवलेला डायनामो

सायकल २२ इंची काळी रोडस्टर. टायर २८ × १½, ब्रेक रॉडचे, मागं जाड कॅरियर आणि कॅरियरच्या दोन्ही अंगांना आकड्यांवर लटकणाऱ्या दुधाच्या किटल्या. चालवणारे कोल्हापूरजवळच्या वडणग्याचे एक दूधवाले, साठीच्या आसपासचे. आमच्या घरचा रतीब वर्षानुवर्षं त्यांचाच, म्हणून ते आमचे मामा. पहाटे साडेचारच्या सुमारास ते वडणग्यातून निघतात, रत्नागिरी रस्त्याला लागतात, शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून गंगावेशीत येतात आणि तिथून रंकाळ्याच्या बाजूला घरोघरी दूध घालतात. संध्याकाळी पुन्हा एक फेरी होते. तेव्हा परतताना अंधार पडलेला असतो आणि कॅरियरवर बहुधा पेंडीचं पोतं असतं.

उजेडाची सोय म्हणून हँडलला रबरी पट्ट्यानं बांधलेली चार्जिंगची बॅटरी होती. मागं कंपनीनं दिलेला लाल रिफ्लेक्टर होता, तो पोत्याआड जायचा. मामांच्या मुलाचं म्हणणं, सर, एक दणदणीत फोकस बसवून द्या. मामांचं म्हणणं वेगळंच होतं.

"सर, पुढचं मला दिसतंय ओ. चाळीस वर्सं त्योच रस्ता, खड्डासुदीक पाठ हाय. मागच्याला मी दिसत न्हाई, त्याचं काय ते बघा."

ते ऐकल्यावर कामाचा क्रमच उलटा झाला. सायकलच्या दिव्यांबद्दल जो तो पुढच्या दिव्यापासून बोलायला लागतो: किती वॅट, किती लांब, किती पांढरा. मागचा दिवा शेवटी, उरलेल्या वायरीवर कुठंतरी अडकवला जातो. इथं धोका कुठून येतो ते आधी पाहिलं आणि जुळणी तिथून सुरू केली.

धोका मागून का

दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या चहूबाजूंच्या रस्त्यांवर रात्रंदिवस ऊस वाहतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली मोळ्यांची टोकं, ट्रॅक्टरचा एक दिवा मंद तर दुसरा बंद. दरवर्षी हंगामात ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम निघते. ती मोहीम ट्रॉलीच्या पाठीसाठी असते, तिच्यापुढं जाणाऱ्या सायकलवाल्यासाठी नाही. भरल्या दोन ट्रॉल्या ओढणारा चालक ऐनवेळी ब्रेक दाबून काही करू शकत नाही. त्याला सायकल लांबूनच दिसली तर तो सावकाश उजवीकडे घेतो. त्यातून थंडीत नदीकाठावर पहाटेचं धुकं उतरतं.

मामांचा वेग किटल्या भरलेल्या असताना ताशी १० ते १२ किलोमीटर. पुलाच्या चढावर तोही राहत नाही, ते उतरून ढकलतात. चाक थांबलं की चाकावर फिरून वीज करणारा डायनामोही थांबतो, आणि पुलाच्या तोंडाशी सायकल ढकलत जाणारा माणूस तर सगळ्यात जास्त धोक्यात असतो. म्हणून चाक थांबल्यावरही काही मिनिटं पेटता राहणारा मागचा दिवा, ही पहिली अट ठरली.

चार्जिंगचा दिवा का नको

शहरात ऑफिसला जाणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून चार्जिंगचे दिवे घ्यायला सांगतो. स्वस्त, हलके, वायर नाही. पण मामांचा दिवस साडेतीनला गोठ्यात सुरू होतो. धारा, किटल्या, वैरण या गडबडीत दिवा चार्जिंगला लावायचा राहतोच. दुसरं असं की मागचा दिवा विझला तरी चालवणाऱ्याला ते कळत नाही. पुढचा विझला की लगेच कळतं. मागच्या दिव्यात बॅटरी संपणं हा दोष खरं तर पुढच्यापेक्षा कितीतरी वाईट, आणि त्याचीच खबर मिळत नाही.

कुठला डायनामो

दोन वाटा होत्या. एक म्हणजे पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यात, बसणारा डायनामो. ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरचे डायनोहब १९३० च्या दशकापासून निघत होते. आजचे हब डायनामो ६ व्होल्ट, ३ वॅटचे असतात, ओढ फार थोडी जाणवते आणि पावसाचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. गुण म्हणून पाहिलं तर हाच पहिला.

पण मामांच्या सायकलीचा पुढचा चिमटा (चाक धरणारा फाटा) मोजला तर आतली फट जेमतेम ९ सेंटिमीटर. आजच्या हब डायनामोला १० लागतात. चिमटा ताणून बसवता आला असता. पण रॉड ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूनं घासतात, त्यासाठी वेस्टवुड घाटाची रिम लागते, आणि आपल्याकडच्या जुन्या सायकलींना पुढं ३२, मागं ४० आरे असतात. म्हणजे ३२ भोकांचा हब मिळवा, चिमटा ताणा, चाक नव्यानं विणा. हे सगळं करून येणारी किंमत मामांच्या सायकलीपेक्षा जास्त. आणि ती सायकल रोज दोनदा लोकांच्या दारात बिनकुलपाची उभी असते.

दुसरी वाट म्हणजे टायरला घासून फिरणारा बाटलीचा डायनामो. त्याची ओढ जाणवते. ३ वॅट बाहेर काढायला पायांतून त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकद जाते, आणि ओल्या टायरवर रोलर घसरतो. हा दुसरा मुद्दा कोल्हापुरात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जून ते सप्टेंबर इथं पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर त्या बाजूचा रस्ताच पाण्याखाली होता.

तरीही मी बाटलीचाच डायनामो घेतला, आणि त्याचं कारण हंगामाच्या वेळापत्रकात आहे. ऊस वाहतो तो दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. त्या महिन्यांत रात्र मोठी, धुकं असतं, पण पाऊस नसतो, टायर कोरडा असतो. म्हणजे धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हा बाटलीचा डायनामो बिनघोर चालतो. पावसाळ्यात तो घसरेल, पण तेव्हा रस्त्यावर ट्रॉल्या नसतात आणि पहाटही लवकर होते. तेवढ्या चार महिन्यांपुरता चार्जिंगचा दिवा जोडीला ठेवायचा. हाच डायनामो कोकणातल्या एखाद्या मासळीवाल्यासाठी मी बसवला नसता.

जुना डायनामो तपासला तो असा

मामांच्या माळ्यावर त्यांच्या वडिलांचा डायनामो आणि क्रोमचा मोठा दिवा जपून ठेवलेला होता. त्यांना तोच वापरायचा होता, आणि त्यांचं खरंही होतं. लोखंडी काम भक्कम होतं. नुसता मीटर लावून चाक फिरवलं तर १५ व्होल्टच्या वर आकडा आला. मुलगा खूश.

हा आकडा फसवा असतो. काहीही जोडलेलं नसताना डायनामो वेग वाढेल तसा व्होल्ट वाढवत जातो. तो कामाचा आहे का हे भार टाकल्याशिवाय कळत नाही. ६ व्होल्टला ३ वॅट म्हणजे अर्धा अँपिअर, म्हणजे १२ ओहमचा भार. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १२ ओहम ५ वॅटचा पांढरा सिमेंटी रेझिस्टर किरकोळ पैशात मिळतो. तो डायनामोच्या दोन टोकांना लावायचा, मीटर एसीवर ठेवायचा आणि चाक साधारण १५ च्या वेगानं फिरवायचं. चांगला डायनामो ६ च्या जवळपास देतो. हा अडीचवर अडकला.

चुंबक मेलं होतं. जुन्या चुंबकांचा हा स्वभाव आहे: रोटर लोखंडी कवचातून बाहेर काढून तसाच ठेवला की चुंबक उतरतं. डायनोहब खोलणाऱ्यांना तर ही ताकीद कायम दिली जायची. या डायनामोच्या स्क्रूंवर पकडीचे ओरखडे होते, म्हणजे कधीतरी कुणीतरी तो ग्रीससाठी खोललेला दिसत होता. डायनामो नवा घेतला. वडिलांच्या दिव्याचं क्रोमचं घर मात्र ठेवलं.

फ्रेमवर विसंबायचं नाही

"डायनामो चालत नाही" म्हणून येणाऱ्या सायकलींमध्ये डायनामो बहुतेक वेळा चांगला असतो. बिघाड परतीच्या वाटेत असतो. जुन्या पद्धतीत दिव्याला एकच वायर जाते आणि करंट परत येतो तो सायकलीच्या लोखंडातून. डायनामोच्या ब्रॅकेटला एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून चिमट्याच्या लोखंडाला टेकतो, तीच अर्थिंग. नवी सायकल असेपर्यंत हे चालतं. मग तिथं गंज धरतो.

मामांच्या बाबतीत तर डायनामो पुढं बसवणं भागच होतं, कारण मागच्या चाकाच्या दोन्ही बाजू किटल्यांनी अडवलेल्या. डायनामो पुढं आणि दिवा मागं असला की फ्रेममधून परत येणारा करंट हँडलच्या कपातल्या ग्रीसमाखल्या गोळ्यांमधून जातो. हँडल वळवलं की दिवा फडफडतो. त्यात मडगार्ड रंगवलेलं, म्हणजे तिथंही अडथळा.

उपाय साधा आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन पदरी वायर. अर्ध्या चौरस मिलिमीटरची, स्पीकरला जोडतात तसली, बारीक तारांची. जाडी वाढवून काही मिळत नाही. मागचा दिवा जेमतेम दहावा भाग अँपिअर घेतो, चार मीटर तांब्यात त्याचे मिलिव्होल्टच जातात. वायर तुटते ती करंटनं नाही, हालचालीनं. म्हणून एकेरी जाड तारेची वायर अजिबात नको. एक पदर डायनामोच्या खालच्या टर्मिनलला, दुसरा लग (वायरीच्या टोकाची कडी) लावून ब्रॅकेटच्या बोल्टखाली. चिमट्यावरून फ्रेमवर येताना हातभर ढिला वेढा सोडला, म्हणजे हँडल पूर्ण वळलं तरी वायर ताणत नाही. ब्रेकच्या रॉडला वायर बांधायचा मोह होतो, सरळ जाते म्हणून. पण रॉड रोज हलतो.

मागचा दिवा

तयार दिवा शोधण्यापेक्षा तो बनवला. डायनामोचा करंट एसी, म्हणजे सतत दिशा उलटणारा असतो, आधी तो सरळ करावा लागतो. त्यासाठी चार शॉटकी डायोडचा ब्रिज, डायोडचा नंबर १एन५८१९. डायोड म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडणारी झडप. साधे सिलिकॉन डायोड प्रत्येकी ०.७ व्होल्ट खातात आणि ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत असतात, म्हणजे ६ पैकी जवळजवळ दीड व्होल्ट गेला. १० च्या वेगानं चालणाऱ्या सायकलीला ही चैन परवडत नाही. शॉटकीत हे नुकसान निम्म्यावर येतं.

ब्रिजनंतर ३३ ओहम, मग ५.१ व्होल्टचा झेनर, म्हणजे व्होल्टेज त्या आकड्यावर अडवणारा डायोड, त्याच्याशी समांतर १ फॅरड, ५.५ व्होल्टचा सुपर कपॅसिटर. हा छोट्या बटणासारखा असतो, वीज साठवतो, हेच दिव्याचं पोट. त्यातून दोन लाल एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा २२० ओहमचा रेझिस्टर. चाक फिरत असताना दोन्ही जोरात पेटतात आणि कपॅसिटर भरत राहतो. चाक थांबलं की तोच त्यांना पाजतो. उजेड हळूहळू उतरत जातो, पण पुलाचा चढ ढकलून संपेपर्यंत सहज पुरतो.

जागा ठरवायला मामांनी पोतं बांधून, किटल्या लटकवून सायकल उभी केली आणि मी रस्त्यावर पन्नास पावलं मागं जाऊन पाहिलं. कॅरियरवर लावलेला दिवा पोत्यानं झाकला. सीटखाली तर प्रश्नच नव्हता. मडगार्डच्या खालच्या टोकाजवळ मोकळी जागा होती, तिथं दिवा मधोमध बसला. आपल्याकडं वाहनं उजवीकडून पुढं जातात, म्हणून त्याच्या जोडीला कॅरियरच्या उजव्या पायावर ट्रकला लावतात तसली लाल चमकपट्टी चिकटवली. किटल्यांवर लावली नाही, त्या रोज गरम पाण्यानं घासल्या जातात.

दिवा चालू आहे हे मामांना कळायला हवं, हा मूळ प्रश्न शिल्लकच होता. दिव्याच्या डबीला वरच्या अंगाला बोटाच्या नखाएवढी खिडकी पाडून ॲक्रिलिकचा तुकडा बसवला. त्यातून वर जाणारा थोडा उजेड उजव्या किटलीच्या स्टीलवर पडतो. मान किंचित वळवली की किटलीवर लाल झाक दिसते. दिसली नाही तर दिवा गेला.

पुढचा दिवा

यावर फार वेळ घालवला नाही. जुन्या क्रोमच्या घरात ३ वॅटचे दोन पांढरे एलईडी मालिकेत, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, प्रत्येकावर भिंग. दोन मालिकेतच का, तर बाटलीच्या डायनामोचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास आपोआप थांबतो. एक एलईडी लावला तर तो सगळी लाइन चार व्होल्टवर दाबून धरतो आणि मागच्या कपॅसिटरला भरायला काही उरत नाही. दोन लावले की लाइन सातच्या पुढं उभी राहते आणि दोघांचंही भागतं. म्हणजे पुढच्या दिव्याची निवडही शेवटी मागच्यानंच ठरवली.

पुढंही एलईडीच्या आधी ब्रिज आहेच, म्हणून एका गोष्टीकडं मात्र लक्ष द्यायला हवं. डायनामोची बॉडी चिमट्याला टेकलेलीच असते. अशा वेळी ब्रिजनंतरची वजा बाजू दिव्याच्या घराला, म्हणजे पर्यायानं फ्रेमला लागली, तर ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट होतो आणि एसीची अर्धी लाट वाया जाते. दिवा पेटतो, पण मरगळलेला, आणि माणूस डायनामोला शिव्या घालत बसतो. म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी फायबरच्या वॉशरवर बसवली आणि मीटर बझरवर ठेवून घर आणि वजा बाजू तपासली. बझर वाजला नाही, मगच झाकण लावलं.

पुढच्या दिव्याची वायर कधी तुटली तर सगळा व्होल्टेज मागच्या दिव्यावर जाईल. त्यासाठी डायनामोच्या दोन टोकांमध्ये ८.२ व्होल्ट, ५ वॅटचे दोन झेनर पाठीला पाठ लावून जोडले. दिव्याचा झोत असा धरला की पाच मीटरवर तो दिव्याच्या उंचीच्या निम्म्यावर यावा. म्हणजे दहा मीटरवर तो जमिनीला टेकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही.

बसवताना आणि नंतर

डायनामो बसवताना एकच नेम पाळायचा: त्याचा आस चाकाच्या मध्यावर रोखलेला हवा. चाकाच्या आसाला दोरा बांधून डायनामोच्या मधोमध ताणला की लगेच कळतं. तिरका बसला तर तो किंचाळतो आणि एका हंगामात टायरची भिंत खातो. कंपनीच्या ब्रॅकेटला डोलायची सवय होती, म्हणून शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून ५ मिलिमीटर पट्टीचा नवा ब्रॅकेट वाकवून घेतला. त्यानं रोलरवरचं नर्लिंगही, म्हणजे टायरला पकडणाऱ्या बारीक खाचा, जरा खोल करून दिलं आणि वर विचारलं, "हे कशाला ओ, मोटरसायकल घ्या की म्हाताऱ्याला." मामांना मोटरसायकल नको आहे, ती बाब वेगळी.

हंगाम या जुळणीवर पार पडला. मामांची पहिली तक्रार अपेक्षितच होती: "जड जातंय." त्यावर तोडगा त्यांनीच काढला. गंगावेशीत रस्त्याचे दिवे लागले की डायनामो टायरवरून उचलायचा, संध्याकाळी पूल यायच्या आधी पुन्हा टेकवायचा. मागं येणाऱ्या ट्रॉल्या आता लांबूनच बाजूला घ्यायला लागतात, असं ते सांगतात. मोजमापाचा पुरावा माझ्याकडं नाही, पण त्या रस्त्याचं मोजमाप त्यांच्याइतकं कुणाकडं असणार?

बिघाड एकच आला. किटलीच्या आकड्यानं कॅरियरजवळ वायर घासली आणि एक पदर तुटला. किटलीवरची लाल झाक दिसेना म्हणून मामांनी त्याच पहाटे ओळखलं आणि दूध घालून झाल्यावर सायकल थेट माझ्या दारात आणली. जोड डागला, वर स्लीव्ह चढवली आणि त्या वीतभर भागावर जुन्या ट्यूबचा तुकडा सरकवला. टर्मिनलांना व्हॅसलीन लावून ठेवलं, कारण गोठ्यात सायकल धुतली जाते ती बादलीनं.

त्यानंतर मामांचा भाचा आला. त्याची गिअरची सायकल, सुट्टीच्या दिवशी पहाटे पन्हाळ्याला चढायचं आणि उतारावर सुटायचं. त्यालाही मामांसारखंच करून हवं होतं. त्याला मी नाही म्हटलं. त्याचा चिमटा १० सेंटिमीटरचा, ब्रेक केबलचे, उतारावर वेग चाळीसच्या वर, आणि मागून येणाऱ्या ट्रॉलीपेक्षा त्याला पुढच्या वळणावरची खडी लवकर दिसायला हवी. त्यानं हब डायनामो घ्यावा, समोर वरची कड कापलेल्या झोताचा तयार दिवा लावावा, आणि पैसे जमेपर्यंत चार्जिंगचा चांगला दिवा वापरावा. वायर मात्र दोन पदरीच.